नसलेल्या पट्टीची चोरी

विनया सामंतला ‘नाही’ म्हणता येत असे. वसई स्टेशनच्या पश्चिमेला, बाजाराच्या तोंडाशी एका कॉम्प्युटर कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं, त्याच्या काउंटरवर ती बसायची. गिऱ्हाईक तावातावानं भांडायला यायचं आणि जाताना तिलाच ‘थँक्यू मॅडम’ म्हणून जायचं. सेंटरचा मालक अल्पेश शहा म्हणायचा, “बाकीचे नाही म्हणतात तर काच फुटते. विनयाबेन नाही म्हणते तर माणूस पाणी पिऊन जातो.”

माहेर तिचं मालवणकडचं. लग्न होऊन वसईच्या एव्हरशाईन सिटीत आली, नवरा मुंबईला नोकरीला, मुलगी कॉलेजात. पदवी साधीच होती, पण वॉरंटीचे नियम तिनं पाठ केले होते. मशीनमधला भाग हरवला की लोक हमखास वॉरंटीचा कागद फडकवत यायचे. आगाशीचे एक गृहस्थ आले होते, त्यांच्या पोपटानं कीबोर्डची बटणं उपटून खाली बागेत टाकली होती. एक बाई रिक्षात चार्जर विसरल्या होत्या आणि कंपनीनं नवा द्यावा म्हणून अडून बसल्या होत्या. विनया सगळ्यांना एकाच शांत आवाजात समजावायची.

“हे बघा, कंपनीनं दिलेला भाग आपला आपण बिघडला, तर कंपनी बदलून देते. ती वॉरंटी. दिलेला भाग तुमच्याकडून हरवला, तर ते वॉरंटीत बसत नाही. आणि खोक्यातच काही कमी आलं असेल, तर खोकं उघडल्या उघडल्या कळवायला हवं. सहा महिन्यांनी सांगून कोण ऐकणार?”

इतकं सोपं करून सांगितल्यावर कोण काय बोलणार? स्वतःच्या या सोपेपणाचा तिला अभिमान होता.

गणपती नुकतेच झाले होते तेव्हाची गोष्ट. त्याच्या थोडं आधी एका कॉलेजच्या पोरानं तिला चांगलंच फसवलं होतं. लॅपटॉपमधली मेमरीची पट्टी, म्हणजे रॅम, काढून त्यानं विकली आणि ‘आतून गायब आहे, कंपनीनंच दिली नाही’ म्हणून कांगावा केला. विनयाला त्याची दया आली, तिनं शब्द टाकला, आणि कंपनीनं चौकशी करून सेंटरला झापलं. अल्पेश सगळ्यांसमोर म्हणाला, “तुझं मन मोठं आहे, ते घरी ठेवून येत जा.” ते तिला फार लागलं.

अशातच एके दिवशी गासहून बर्था लोपीस आल्या. गास म्हणजे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचं वाड्यांचं गाव. बर्थाबाईंची केळी आणि फुलांची छोटी वाडी होती, नवरा वारलेला. एकुलती मुलगी ॲनिशा आयर्लंडमध्ये नर्स होती. आईची नजर अधू झाली, मोबाईलवर चेहरा नीट दिसेना, म्हणून तिनं मोठ्या पडद्याचा लॅपटॉप घेऊन दिला होता. दर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सा झाली की बर्थाबाई त्याच्यापुढे बसायच्या आणि तिकडून नात त्यांना आपले पडलेले दात दाखवायची.

“चालू व्हायला येवढा वेळ लागतो, की तिथं पोर कंटाळून उठून जाते,” त्या म्हणाल्या. लॅपटॉप त्यांनी एका स्वच्छ फडक्यात बांधून आणला होता.

आतल्या खोलीत मितेशनं मशीन उघडलं. मितेश म्हणजे सेंटरचा तंत्रज्ञ, बोलायला कंजूष. थोड्या वेळानं त्यानं आतूनच आवाज दिला, “डिस्क जातेय याची. आणि रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे.”

विनयानं त्यातलं शेवटचंच वाक्य ऐकलं. “रिकामा म्हणजे? पट्टी काढलीय?”

“काय माहीत. नवं मॉडेल आहे, पहिल्यांदाच उघडतोय.”

तेवढ्यावर थांबून तिला कंपनीला एक फोन लावता आला असता. पण त्या कॉलेजच्या पोराचा कांगावा तिच्या डोक्यात होता, आणि अल्पेश शेजारीच उभा होता. तिनं आपला तो शांत आवाज लावला.

“बाई, तुमच्या लॅपटॉपमधला एक भाग काढलेला दिसतोय. मशीन बाहेर कुणी उघडलं असेल, तर वॉरंटी राहत नाही.”

“उघडलं? कोन उघडनार? मला तर ते झाकन लावायची पन भीती वाटते.”

“घरात लॅपटॉप कोण हाताळतं?”

“पॉल. माझा पुतन्या. तोच येऊन लावून देतो.”

“त्याला यातलं कळतं?”

“कळतं म्हंजे? लग्नाच्या मंडपात साऊंड, लायटिंग सगळं तोच करतो.”

“मग त्यालाच विचारा,” विनया म्हणाली.

बर्थाबाईंनी लॅपटॉप परत फडक्यात बांधला, ‘थँक्यू मॅडम’ म्हणाल्या आणि गेल्या. विनयानं तक्रार ‘मशीनशी छेडछाड’ म्हणून बंद केली. अल्पेश म्हणाला, “आता शिकली!” त्या दिवशी ती खुशीतच घरी गेली.

दिवाळी गेली, नाताळ गेला. फेब्रुवारीत एक ट्यूशनवाले सर नवाकोरा लॅपटॉप घेऊन आले. खोक्याचं सील तसंच होतं. त्यांना आणखी मेमरी बसवून हवी होती. विनया सहज आत डोकावली तेव्हा मितेशनं मागचं झाकण नुकतंच काढलं होतं. तेच मॉडेल होतं, बर्थाबाईंचं. आणि तोच स्लॉट रिकामा.

“यातली पट्टी कुठाय?” तिनं विचारलं.

“नसतेच. याची मेमरी बोर्डावरच जोडलेली येते. हा स्लॉट मोकळाच असतो, ज्याला वाढवायची त्यानं वाढवावी.” मितेश स्क्रू वेचत बोलत होता. “मागे काय ते नवीन होतं. आता चार-पाच उघडून झाले.”

“मग त्या गासच्या बाई?”

मितेशचा हात थांबला. त्याला आठवायला वेळ लागला, पण आठवलं. “त्यांची डिस्क गेली होती,” तो हळूच म्हणाला. “ती तर वॉरंटीतच होती.”

विनया काउंटरवर येऊन बसली. समोरचा माणूस बिल मागत होता, तिनं त्याच्या हातात दुसऱ्याचंच बिल ठेवलं. हरवलेला भाग, कमी आलेला भाग, बिघडलेला भाग, सगळ्यांची उत्तरं तिच्याकडे होती. जो भाग तिथं कधी असायचाच नव्हता, त्याचा विचारच तिनं केला नव्हता. आणि तो चोरीला गेला म्हणून एका माणसाचं नावही सुचवून मोकळी झाली होती.

अल्पेशला तिनं त्याच दुपारी सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. तक्रार वॉरंटीच्या मुदतीत आलेली आहे, कंपनीला कळवू की नोंद चुकली, डिस्क बदलून मिळेल. “पण बाईंना काय सांगायचं ते नीट सांग. स्पेशल केस म्हणून पास झालं म्हण. आपली चूक कशाला गावभर करायची? त्यांचं काम झाल्याशी मतलब.”

आणि विनयानं तसंच केलं. फोन करताना तिचे कान तापले होते, पण आवाज तोच शांत. “बाई, कंपनीनं तुमची केस खास म्हणून मंजूर केलीय. लॅपटॉप घेऊन या.” पलीकडून बर्थाबाईंनी देवाचं नाव घेतलं. विनयाला वाटलं, झालं, मिटलं.

लॅपटॉप दुरुस्त झाला आणि तो न्यायला बर्थाबाई आल्या, त्या सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा पुडा घेऊन. केळीच्या वाळलेल्या पानात घट्ट बांधलेला. “माझ्या हातची हायेत. तुमच्यासाठी राखून ठेवली होती.”

“अहो, हे कशाला!”

“घ्या हो. तुम्ही माझे डोळे उघडले.” बर्थाबाई खुर्चीत टेकल्या. त्या मागच्यापेक्षा थकल्यासारख्या दिसत होत्या. “तुम्ही बोलला नसता, तर मी त्या पोरावर विश्वास ठेवतच राहिले असते.”

विनयाच्या हातातला पुडा तसाच राहिला. “कोण पोर?”

“पॉल. मी विचारलं त्याला. आधी हसला. मग म्हनतो, काकी, तू मला चोर म्हनते? मी म्हटलं, मी नाय म्हनत, सेंटरवाल्या शिकलेल्या बाई म्हनतात. ॲनिशाला फोन लावला, ती पन बोलली, मम्मी, दुसरं कोन हात लावतं? मग तो उठला आणि गेला तो गेलाच. परत उंबऱ्याला पाय नाय.”

पॉलची आई तो लहान असतानाच गेली होती आणि बाप तेव्हा आखातात होता, हे विनयाला आता कळलं. त्याला बर्थाबाईंनीच वाढवला होता. ॲनिशाच्या ताटात जे पडेल, ते त्याच्या ताटात.

“जानेवारीत लग्न झालं त्याचं,” बर्थाबाई सांगत होत्या. “वाजतगाजत नवऱ्याच्या आंघोळीला उंबराचं पानी आनायला निघाले ते माझ्या दारावरून. मी खिडकीत उभी. आईच्या जागी त्यानं दुसरीला बसवली, मार्थाला, लांबच्या मावशीला. मी देवळात मागच्या बाकावर बसले आणि मिस्सा संपायच्या आधी निघून आले.” त्यांनी पदरानं डोळे नाही पुसले, चष्मा पुसला. “जाऊ द्या. खोटं पचत नाय कुनाला. बरं झालं वेळेत कळलं.”

आता सांग, विनयाच्या मनात कुणीतरी म्हणत होतं. आता, या क्षणी. तिनं तोंड उघडलं. शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती, अल्पेश फोनवर होता. “जपून न्या,” ती म्हणाली. “धक्का लागू देऊ नका.”

सुकेळी तिनं घरी नेली. नवऱ्यानं चवीनं खाल्ली, मुलीनं मैत्रिणींसाठी डब्यात भरून घेतली. तिला विचारलं तर म्हणाली, दात दुखतोय.

त्या आठवड्यात तिचं कशात मन लागेना. आधी तिनं स्वतःची बाजू मांडून पाहिली. मी कुठं म्हटलं पॉल चोर आहे? मी म्हटलं, विचारा. विचारायला सांगणं गुन्हा आहे का? पण हे तिचं तिलाच पटत नव्हतं. तो शब्द ज्या आवाजात टाकला होता, तो तिला पाठ होता. मग मितेशवर ढकलून पाहिलं. तेही टिकलं नाही. त्यानं ‘काय माहीत’ म्हटलं होतं, आणि त्या जागी तेच खरं उत्तर होतं. शेवटी एक विचार येऊन बसला, तो मात्र हलेना. डिस्क बदलून देता आली. पण ते लग्न? मागचा बाक, खिडकी, आईच्या जागी बसवलेली दुसरी, हे कुठल्या मुदतीत येतं?

“मी गासला जाऊन येते,” रविवारी सकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं.

“फोन कर ना.”

“फोनवरच तर खोटं बोलले.”

बर्थाबाईंचं घर वाडीच्या कडेला होतं. अंगणात विहीर, पलीकडे केळी. दारातच त्या भेटल्या, देवळातून नुकत्याच आलेल्या, अंगावर ठेवणीतलं लुगडं आणि वरची चादर अजून तशीच. विनयाला पाहून त्यांचा चेहरा फुलला. “या, या! आज आमच्याकडं जेवूनच जायचं.”

“आधी माझं ऐका, मग वाटलं तर पाणीसुद्धा देऊ नका,” विनया म्हणाली, आणि तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. स्लॉट रिकामाच येतो. पट्टी कधी नव्हतीच. कुणी काही काढलं नाही. कंपनीनं मेहरबानी केली नाही, तो तुमचा हक्कच होता. मी न तपासता बोलले. आणि कळल्यावरही तुमच्याशी खोटं बोलले, सुकेळी घेतली आणि गप्प बसले.

बर्थाबाईंना आधी समजलंच नाही. “नव्हतीच म्हंजे?”

“नव्हतीच. पॉलनं काहीच केलेलं नाही.”

त्या पायरीवर बसल्या. विनयाला वाटलं, आता शिव्या घालतील, आणि त्या घालाव्यात असंच तिला वाटत होतं. पण बर्थाबाईंनी एवढंच विचारलं, “मग मी त्याला काय बोलले?”



“चला,” त्या एकदम उठल्या. “हे तुम्ही त्याच्यासमोर बोला. माझ्या तोंडानं त्याला खरं वाटनार नाय.”

पॉलचं घर तीन घरं सोडून होतं. तो अंगणात वायरींची भेंडोळी उलगडत बसला होता. दारात त्याची नवी नवरी उभी होती, अँजेलिना. काकीला फाटकात पाहून पॉल उठला नाही, पण त्याचे हात थांबले. विनयानं पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपला तो शांत आवाज कुठंतरी गेलाय. शब्द अडखळत होते, मधेच रॅमच्या जागी डिस्क म्हणत होती.

ती थांबल्यावर बर्थाबाई त्यांच्या सामवेदी बोलीत काहीतरी भराभर बोलल्या. पॉल एका शब्दात उत्तर द्यायचा. विनयाला त्यातलं काही कळत नव्हतं. आपण लावलेल्या आगीत दोन माणसं होरपळताहेत आणि आपल्याला त्यांचं बोलणंही समजत नाही, याची तिला विलक्षण लाज वाटली. अँजेलिनानं पाण्याचा ग्लास आणून दिला. तो घ्यावा की नाही, हेही तिला सुचेना.

शेवटी पॉल तिच्याकडे वळला. तिच्याशी तो मुंबईच्या मराठीत बोलला.

“मॅडम, तुमचं मला काही वाटत नाही, खरंच. चूक होते. मी पण लोकांच्या मंडपात फ्यूज उडवलेत.” त्यानं वायर खाली ठेवली. “तुम्ही मला ओळखत नव्हता. तुम्ही बोलला, ठीक आहे. ही मला ओळखत होती.”

बर्थाबाईंना मराठी चांगली कळत होती. त्या फाटकाकडे वळल्या. अँजेलिना त्यांच्यामागे दोन पावलं गेली आणि थांबली.

परतताना बर्थाबाईंनी विनयाचा हात धरला होता, आधारासाठी की कशासाठी कोण जाणे. त्यांच्या दाराशी आल्यावर विनया म्हणाली, “मला माफ करा.”

“करीन,” त्या म्हणाल्या. “पन आज नाय. आज मला माझंच पुरं झालंय.”

विनयाला वाटत होतं की कबुली दिली की छातीवरचा दगड उतरतो. लहानपणापासून हेच ऐकलं होतं. तो उतरला नाही. उलट तिला दिसलं की आतापर्यंत बर्थाबाईंकडे निदान राग होता, त्या रागाच्या आधारानं त्या उभ्या होत्या. तोही आपण काढून घेतला आणि आपल्यासारखंच ओझं त्यांच्या हातात दिलं. खरं सांगायला नको होतं का? तसंही नाही. पॉलसाठी ते सांगायलाच हवं होतं. पण खरं सांगणं म्हणजे भरपाई नव्हे, एवढं तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं अल्पेशला सांगितलं, बाईंना जाऊन खरं काय ते सांगून आले. तो वैतागला, दोन दिवस नीट बोलला नाही, मग विसरला. काउंटरवर ती अजून नियम सांगते. हरवलेला चार्जर वॉरंटीत येत नाही, ते तिनं बदललेलं नाही, बदलण्यासारखं नाहीच. पण कुणाच्या मशीनमध्ये काही रिकामं दिसलं, की ती आधी ते मॉडेल कंपनीतून कसं येतं हे विचारून घेते, गिऱ्हाईक कितीही खोळंबलं तरी. आणि ‘घरात कोण हाताळतं’ हा प्रश्न तिच्या तोंडी पुन्हा आला नाही. नवे लोक म्हणतात, मॅडम स्लो आहेत.

ईस्टर होऊन गेल्यावर एका सकाळी अँजेलिना काउंटरवर आली. हातात तोच लॅपटॉप, या वेळी रीतसर बॅगेत.

“काकींना आवाज येत नाहीये यातून. नात बोलते, पण मुक्यासारखी दिसते.”

“काकींनी पाठवलं?” विनयानं विचारलं.

“हो. मी जाते रविवारी, लावून द्यायला.” ती जरा घुटमळली. “पॉलनं आणून सोडलं मला. बाहेर आहे. आत ये म्हटलं, नको म्हणाला.”

काचेतून पलीकडे रस्ता दिसत होता. फुटपाथला लागून पॉल स्कूटरवर बसला होता, सेंटरकडे पाठ करून. त्याच्या शेजारून भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका जात होत्या, त्यातल्या एकीशी तो हसून काहीतरी बोलला.

बाहेर जावं असं विनयाला वाटलं. ती उठलीही. मग वाटलं, त्याला जे बोलायचं होतं ते तो बोलला आहे, आपण गेलो तर फक्त आपल्यासाठी जाऊ. ती परत बसली आणि मितेशला हाक मारली. मितेशनं तपासून सांगितलं, काही बिघडलेलं नाही, कुणाच्या तरी बोटानं आवाज बंद झालाय. कुणाच्या, ते विनयानं विचारलं नाही. कुठलं बटण दाबायचं ते तिनं अँजेलिनाला दाखवलं, तिच्याकडून एकदा करूनही घेतलं.

“काकींना सांगा, मशीनला काहीच झालेलं नाही,” ती म्हणाली.

अँजेलिना बाहेर गेली. पॉलनं मागे न बघता बॅग घेतली, पुढे दोन पायांमध्ये नीट उभी ठेवली आणि स्कूटर सुरू केली.